दोन उभे, एक आडवा

माझ्या नणंदेबद्दल पोलिसांनी चार पानं लिहून ठेवली होती, आणि ती चारही पानं मी परवा वाचली. जुन्या प्रकरणांचे कागद आता नातेवाइकांना बघायला मिळतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून काठी टेकत टेकत गेले. पहिली तीन पानं ठीक आहेत. तारखा बरोबर, पत्ता बरोबर, उंची दोन बोटं कमी लिहिलीय पण ते जाऊ दे. चौथ्या पानावर एक रकाना आहे, 'हेतू' म्हणून. त्यात लिहिलंय, 'मालकवर्गाबद्दल तीव्र द्वेष'. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईला मी एकवीस वर्षं एका छपराखाली सोसलंय. तिच्यात खोडी शंभर होत्या, मी बसल्या जागी मोजून दाखवीन, पण ही नव्हती.

आक्का म्हणायचो आम्ही तिला. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन घरात पाऊल टाकलं त्या दिवशी तिने माझी पेटी उघडली, माझे सगळे कपडे बाहेर काढले, प्रत्येकाची घडी मोडली आणि परत घातली. वर म्हणाली, "तुझ्या आईने घडी घालायला शिकवलं नाही, पण कापड चांगलं निवडलंय." झालं आमचं स्वागत. तिच्या नवऱ्याने तिला टाकली की तिने नवऱ्याला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची छाती कोणाची? उंच, हडकुळी, डावखुरी, आणि जीभ अशी की कात्रीने लाजावं. रस्त्याने जाताना चढावर कोणी हातगाडीवाला अडकलेला दिसला की ही पदर खोचून मागून गाडी ढकलणार, आणि ढकलता ढकलता 'एवढं लादतात का रे शहाण्या, कंबर काय सासऱ्याने दिलीय?' म्हणून त्यालाच झापणार. तो बिचारा आभार मानायच्या ऐवजी माफी मागून जायचा.

आमचे हे म्हणजे बहिणीच्या अगदी उलट. भाजीत मीठ जास्त झालंय का, एवढं विचारलं तरी ह्यांचं मत ठरायला रात्र लागायची. त्यामुळे घरात भांडायला मी आणि आक्का दोघीच, आणि आम्ही ते काम मनापासून केलं.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला होतो. वाफेवर चालणारा धुलाईचा कारखाना. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, बराकींचे अभ्रे, सगळं आमच्याकडे यायचं. तीन मजले. तळमजल्यावर हौद: सोड्याचं पाणी दिवसभर उकळत असायचं, फरशीवर साबणाचा बुळबुळीत थर, आणि हौदांना कठडा नाही. मधल्या मजल्यावर साठ बायका ओळीने उभ्या राहून इस्त्री करायच्या. आक्का तिथे, खिडकीपासून तिसरी. वरच्या मजल्यावर घडीची खोली, तिथे मी आणि आणखी तिघी.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. प्रत्येक इस्त्रीवालीची एक खूण असायची. कपडा झाला की सुई काढायची आणि कोपऱ्यात, शिवणीच्या आत, लाल दोऱ्याचे दोन-तीन टाके घालायचे. कोणाचा एक उभा, कोणाची फुली, कोणाचे तीन तिरके. आक्काची खूण दोन उभे आणि खाली एक आडवा. पुढच्या धुण्याच्या आधी तो दोरा उसवून टाकायचे. कशासाठी एवढा उपद्व्याप? तर कपडा करपलेला निघाला की कोणी करपवला ते कळावं म्हणून. आणि तो शोधून काढायचं काम आमचं, घडीवाल्यांचं. करपलेला दिसला की घडी घालायची नाही, मुकादमीणबाईंच्या टोपलीत टाकायचा. सहा महिन्यांत एकीचे तीन कपडे टोपलीत पडले की ती खाली जायची. खाली म्हणजे हौदांवर. तिथून परत वर कोणी आलेलं मी पाहिलं नाही.

मी अकरा वर्षं डोळ्यात तेल घालून त्या टोपलीत कपडे टाकले. कोणाचं काय होईल याचा विचार करायचा नाही, असा मी कानाला खडा लावला होता. आपण भलं, आपलं काम भलं. आज हे सांगताना मान वर होत नाही, पण खरं ते सांगायला हवं.

मागच्याच वर्षी खालच्या मजल्यावरची एक बाई पाय घसरून हौदात गेली होती. तीनच आठवडे झाले होते तिला खाली जाऊन. किंकाळी ऐकून आक्का आणि आणखी दोघी धावल्या, तिला ओढून बाहेर काढलं. ती वाचली नाही. आक्काचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलला गेला. कारखान्याने कागद काढला, 'स्वतःचा निष्काळजीपणा'. त्या बाईचे तीन करपलेले कपडे टोपलीत टाकले होते ते मी. आक्काला हे माहीत होतं. एवढी तोंडाळ बाई, पण त्यावरून मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि आता घारी. तिचे डोळे घारे म्हणून हे नाव, आणि नेमके तेच डोळे जायला लागले होते. वाफेने म्हणा, वयाने म्हणा, पांढऱ्या कापडावर पिवळं कधी चढतं ते तिला दिसेनासं झालं. घरी दोन लहान मुली, मिळवणारं दुसरं कोणी नाही. पण म्हणून ती गरीब गाय होती असं समजू नका. घारी म्हणजे कारखान्यातलं सगळ्यांत घाणेरडं तोंड. हिची चुगली तिला, तिची हिला. आक्काला तर एकदा नळावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "नवऱ्याला सुद्धा जी नको झाली तिने आम्हाला शहाणपण शिकवू नये." आक्का पाणी भरून निघून गेली. त्या दिवशी घरी तिने सगळी भांडी दोनदा घासली, धुतलेली सुद्धा.

तर या घारीचे दोन कपडे टोपलीत पडले होते. तिसरा पडायची वाट होती. साठ बायका मनातून म्हणत होत्या, सुंठीवाचून खोकला जाईल.

तिसरा माझ्याच हातात आला. एका दुपारी दवाखान्याची चादर उघडली तर मधोमध इस्त्रीचा अख्खा ठसा, टोकासकट. कोपरा उलटला, तीन तिरके टाके. घारी. माझा हात टोपलीकडे गेला आणि तेवढ्यात आक्का गठ्ठा घेऊन वर आली. तिने चादर पाहिली, कोपरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग नखाने ते तीन टाके उसवले, पदराला टोचलेली सुई काढली आणि दोन उभे, एक आडवा. चादर टोपलीत टाकली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी घरी मी तिला फाडून खाल्लं. विकतचं दुखणं कशाला घेता म्हटलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर निदान लष्कर तरी चांगलं निवडा. ती घारी, जिने तुमची अब्रू नळावर धुतली! उद्या तुम्ही खाली गेलात तर तिला आनंदच होईल. आक्का दोरा गुंडाळत बसली होती. म्हणाली, घारी मला आवडत नाही. मग? मी ओरडले. तर म्हणते कशी, "आवडायचा काय संबंध? तिला दिसत नाही आणि खाली कठडा नाही. एवढंच आहे ते." आमच्या ह्यांनी त्या रात्री पहिल्यांदा मत दिलं. म्हणाले, आक्काचं बरोबर आहे. मी म्हटलं, तुम्ही भाजी खा.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत एक मास्तर राहायचा. शाळेतला तरुण पोरगा, जाड चष्मा, बुटाचे बंद कायम सुटलेले. त्याची एक टोळी होती, पत्रकं छापायची, कारखान्यांच्या फाटकावर वाटायची. दुपारच्या सुट्टीत तो फाटकाशी यायचा आणि जनता, शोषण, इतिहास असं बोलायचा. वाईट नव्हता. अंगावरचा एकच कोट, तो सुद्धा त्याने एका गाडीवानाला दिला होता आणि मग महिनाभर खोकत होता. आक्का त्याला विचारायची, जनता म्हणजे नक्की कोण रे? घारी त्यात येते का? मग एकदा तिच्याशी दहा मिनिटं बोलून ये, आणि तरी जनता आवडली तर मला सांग. बायका खिदळायच्या, मास्तर लाल व्हायचा.

त्याला ही चादरीची गोष्ट कळली. कारखान्यात गुपित तासभर टिकलं तर खूप. तो रविवारी आमच्या खोलीवर आला आणि गंभीर चेहऱ्याने सांगायला लागला की आक्का, तुम्ही चुकताय. तुम्ही आगीवर पाणी ओतताय. मागच्या वर्षी ती बाई गेली तेव्हा लोक चिडले होते, पण आमची तयारी नव्हती. आता तयारी आहे. घारीला खाली जाऊ द्या. तिथे तिचं काही बरंवाईट झालं, तर शंभर जण पेटून उठतील. एक जाईल पण शंभर वाचतील. लोकांना आधी द्वेष करायला शिकवलं पाहिजे, असंही म्हणाला.

मी चहा गाळत होते. माझा हात तिथेच थांबला, कारण आक्का उभी राहिली होती. एरवी ती मास्तरला गमतीत 'अरे-तुरे' करायची. त्या दिवशी एकदम 'तुम्ही'वर आली, आणि ते जास्त भयंकर होतं.

"मास्तर, मालकाला घारी नकोय, तिचे हात हवेत. तुम्हालाही घारी नकोय, तिचं प्रेत हवंय. तुमच्या दोघांत मी कोणाला बरा म्हणू?"

मास्तर काहीतरी बोलायला गेला. तिने डावी बाही वर केली आणि तो सोललेला हात त्याच्या चष्म्यासमोर धरला. म्हणाली, त्या बाईला मी ओढत होते तेव्हा तिची कातडी माझ्या हातात आली. ती कोणाच्या उपयोगी पडावी म्हणून मी खाली धावले नव्हते. ज्या दिवशी तुम्हाला कोणाच्या मरणाचा उपयोग दिसायला लागेल, त्या दिवशी ती पत्रकं चुलीत घाला. मास्तर चहा न पिता गेला. जिन्यात त्याच्या बुटाचा बंद पायात आला आणि तो दोन पायऱ्या घसरला, तर आक्का आतून ओरडली, "बंद बांधा आधी!"

आता माझी चूक. दहा दिवसांनी घारीचा आणखी एक आला, टेबलावरचा कपडा, कोपरा पार काळा. आक्का वर नव्हती, खाली निरोप द्यावा तर मुकादमीणबाई जिन्यातच उभ्या. मी टोपलीकडे पाहिलं. हौदातली ती बाई मला आठवली असं म्हणत नाही, खोटं कशाला बोलू. आठवला तो आक्काचा हात, आणि वर्षभर तिने गिळलेला तो एक शब्द. मी घारीचे टाके उसवले. दोन उभे, एक आडवा घातला आणि कपडा टोपलीत टाकला. वाटलं, वा! आपणही काही कमी नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुकादमीणबाई स्वतः बावीस वर्षं इस्त्रीवर होत्या. एका नजरेत कापड कोणाच्या हाताचं ते सांगायच्या, आणि हे दोन्ही करपवलेले घारीचे अशी शंका त्यांना आलीच. त्यांनी आधीची चादर आणि हा कपडा घेतला, खिडकीशी गेल्या, दोन्ही कोपरे उजेडात धरले आणि मला, आक्काला, घारीला तिघींना बोलावलं. आडवा टाका डावखुऱ्या बाईने घातला की त्याचं टोक एका बाजूला कलतं, उजव्या हाताने घातला की दुसऱ्या. मला अकरा वर्षं हजारो खुणा बघून हे कळायला हवं होतं. कळत होतंही, पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही.

आक्का म्हणाली, दोन्ही माझेच. बाईंनी सुई पुढे केली. घाल उजव्या हाताने, म्हणाल्या. आक्काने प्रयत्न केला. सुई दोनदा बोटात गेली, टाका दोऱ्याच्या गुंत्यासारखा दिसायला लागला. घारी बाजूला उभी राहून काय चाललंय ते डोळे बारीक करून बघत होती, आणि मला वाटतं तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की तिचा जीव कोणाच्या बोटात अडकलाय. कारखाना चालवणाऱ्या साहेबांना बोलावलं गेलं. साहेबांनी ठरवून टाकलं: उद्या दुपारपर्यंत दुसरा हात कोणाचा ते आक्काने सांगायचं. जिचा असेल ती फाटकाबाहेर जाईल, बाकी माफ. नाही सांगितलं तर उद्यापासून आक्का आणि घारी दोघी हौदांवर.

मी रात्रभर ह्यांच्या पाठीशी रडले. पहाटे उठून आक्काला म्हटलं, मी सांगते, माझा हात आहे म्हणून. ती केस विंचरत होती. म्हणाली, तू गेलीस तर घडीच्या खोलीत कोण येईल? जी येईल ती सगळं टोपलीत टाकेल. तू तिथे हवीस. मी म्हटलं, आणि घारी खाली गेली तर? तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. तिला उपाय सुचत नव्हता. एवढी खमकी बाई, आणि फणी हातात धरून नुसती बसली होती. एकवीस वर्षांत मला तिचं इतकं वाईट कधी वाटलं नाही, आणि तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली.

मी भोंग्याच्या आधी अर्धा तास फाटकाशी जाऊन उभी राहिले. मला भाषण येत नाही. येणाऱ्या प्रत्येकीचा हात धरायचा आणि सांगायचं: आज आपली खूण घालू नकोस, आक्काची घाल. दोन उभे, एक आडवा, आणि डाव्या हाताने. काही जणी माझ्याकडे वेड लागल्यासारख्या बघायला लागल्या. एक म्हणाली, त्या घारीसाठी? माझी सोयरीक मोडली तिने! मी म्हटलं, घारीसाठी नको, आक्कासाठी घाल. तर दुसरी म्हणते, आक्कासाठी तरी का घालू? परवा मला म्हणाली, तुझी इस्त्री म्हणजे म्हशीने लोळल्यासारखी. तेवढ्यात सगळ्यांत म्हातारी होती ती पुढे आली. तिचे दोन पडलेले होते, तिसऱ्याच्या भीतीने तिला झोप नव्हती. ती म्हणाली, "अगं, उद्या माझा पडला तर ती माझ्यासाठीही घालणार आहे. तिला मी कुठे आवडते?" आणि तिने सुई डाव्या हातात घेऊन हवेत एक टाका घालून पाहिला. तो इतका वाकडा होता की सगळ्या हसल्या. हसल्या आणि मग भोंगा झाला.

त्या दिवशी दुपारपर्यंत वर जे काही आलं त्याच्या एकेक कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन उभे आणि एक आडवा. कसले टाके हो! काही बोटभर लांब, काही एकमेकांवर चढलेले, एकीने तर कपडा स्वतःच्या पदराला शिवून टाकला होता. पण आडव्याचं टोक सगळीकडे एकाच बाजूला. करपलेले सात होते. साठ बायकांतल्या कोणाचे, ते देवालाही सांगता आलं नसतं.

मुकादमीणबाईंनी शंभर-एक कोपरे उलटले असतील. मग स्टुलावर बसल्या. साहेब आले, विचारायला लागले काय निघालं. बाई म्हणाल्या, सगळा एकाच हाताचा माल आहे साहेब. साहेब खाली इस्त्रीच्या खोलीत गेले आणि आक्कासमोर उभे राहिले. दुसरा हात कोणाचा, बोल. आक्काने इस्त्री उभी करून ठेवली. तोपर्यंत तिला आमचा उद्योग माहीत नव्हता. तिने शेजारणीच्या हातातला कपडा पाहिला, तिच्या शेजारणीचा पाहिला, पार भिंतीपर्यंत पाहत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी जिन्यातून पाहिलं. लगेच ओरडली, "हे काय टाके आहेत का गं? शरम नाही वाटत?" मग साहेबांकडे वळून म्हणाली की घारी खाली जाणार नाही, मी जाणार नाही, आणि हौदांना कठडा बसेपर्यंत यापुढे कोणीच जाणार नाही.

साहेबांनी फाटक बंद केलं. एकोणीस दिवस बंद होतं. त्यात उपाशी दिवस गेले, माणसं एकमेकांवर उठली, दोघी घाबरून मागच्या दाराने कामावर जायला निघाल्या आणि घारीने त्यांना अशा शिव्या दिल्या की त्या परत फिरल्या. ते तोंड पहिल्यांदा कामी आलं. मास्तर तिसऱ्या दिवशी आला. पत्रकं आणली नव्हती, तांदळाचं पोतं पाठीवर आणलं होतं, आणि बुटाचे बंद बांधलेले होते. मग त्याने पहिलं पोतं कोणाकडे नेलं तर घारीकडे.

पाचव्या दिवशी आक्काला चौकीवर नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडं होतं, म्हणून आत काय बोलणं झालं ते मला शब्दाला शब्द माहीत आहे. अधिकाऱ्याने विचारलं, घारी तुमची कोण? कोणी नाही. मग कोणाच्या सांगण्यावरून केलंत? कोणाच्या नाही. मालकावर एवढा राग का? आक्का म्हणाली, मालकाला मी एकदाच पाहिलंय, मोटारीत. कॉलरची इस्त्री बरी नव्हती. अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "राग आहेच साहेब. पण तो मागून आला. आधी माया आली. माणसांची मायाच नसती तर त्यांच्यासाठी राग कशाला आला असता?" अधिकाऱ्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, ते लिहिलं.

पुढचं थोडक्यात. कठडा बसला. खुणांची रीत गेली, टोपली गेली. घारीला बटणं निवडायचं काम मिळालं, ते हातांनी चाचपून करता येतं. आक्काला मात्र चार महिने आत ठेवलं, आणि कारखान्यात परत घेतलं नाही, ना तिथे ना शहरातल्या दुसऱ्या कुठल्या. उरलेली वर्षं तिने गल्लीत रफू करून काढली. मास्तरला चार वर्षांची कैद झाली. त्याचं एकच पत्र आलं, त्यात एकच ओळ: घारीबाईंचे डोळे कसे आहेत? आक्काने ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, शिकला हो पोरगा. घारीने कधी आभार मानले नाहीत. पुरतं दिसेनासं झाल्यावर मुलीचा हात धरून रोज आमच्याकडे यायची, चहा पाणचट आहे म्हणायची, आणि पूर्ण प्यायची. आक्का गेली त्या दिवशी ती उशाशी बसली आणि तोंड उघडलं नाही. तेव्हा मला कळलं तिला काय झालंय ते.

तर परवा मी त्या कचेरीत बसले होते, समोर चौथं पान. 'तीव्र द्वेष'. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, हे चुकीचं लिहिलंय, दुरुस्त करा. तो बरा मुलगा होता, हसून म्हणाला, आजी, जुना कागद बदलता येत नाही, जे लिहिलंय ते लिहिलंय. मी म्हटलं, मी बाकावर बसले होते, मी ऐकलंय. तो म्हणाला, तसा नियम नाही. आणि शेजारच्या माणसाशी बोलायला लागला.

माझ्या पिशवीत सुई-दोरा कायम असतो, एवढी सवय लागलीय. मी चष्मा लावला. सुई डाव्या हातात घेतली आणि त्या शब्दावर, कागदाच्या आरपार, दोन उभे घातले. कारकुनाचं लक्ष गेलं, तो ओरडला, आजी, अहो काय करताय, सरकारी कागद आहे तो! मी म्हटलं, थांब जरा, एक आडवा राहिलाय.